आधीच ठरलेलं असेल, तर दोष कुणाचा?

मागच्या अंकात मेंदू आणि निर्णय यावर एक छोटं टिपण आलं होतं. त्यात एवढंच म्हटलं होतं की जगातल्या प्रत्येक गोष्टीला आधीचं काहीतरी कारण असेल तर आपल्या निर्णयांनाही ते असणारच, मग 'मी ठरवलं' या म्हणण्यात कितीसं तथ्य उरतं. झालं! एरवी या सदराला सोसायटीतल्या पार्किंगची भांडणं आणि वारसनोंदी असली पत्रं येतात, यावेळी सगळेच तत्त्वज्ञ झालेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच पत्रं घेतलीयेत. शेवटचं पत्र खरं तर सगळ्यात तातडीचं आहे, पण त्याचं उत्तर आधीच्या उत्तरांवर उभं आहे म्हणून ते शेवटी ठेवलंय, घाई असेल त्यांनी थेट तिकडे उडी मारावी.

प्रश्न : ताई, एका रीलमध्ये बघितलं की मेंदू आपल्या अर्धा सेकंद आधीच निर्णय घेऊन मोकळा होतो, हे सायन्सने प्रूव्ह केलंय म्हणे. म्हणजे मी काही ठरवतच नाही ना? मग जेईईचा अभ्यास कोण करतोय आणि कशाला? – एक विद्यार्थी, लातूर

लातूरमध्ये राहून 'अभ्यास कशाला' असं विचारतोयस, धाडसच म्हणायचं तुझं. प्रयोग खरा आहे, फक्त रीलमध्ये मावला तेवढाच तुझ्यापर्यंत आलाय. बेंजामिन लिबेट नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ, सॅन फ्रान्सिस्कोला काम करायचा, त्याचा पेपर १९८३चा. त्याने माणसांना खुर्चीत बसवलं, डोक्याला इलेक्ट्रोड लावले, समोर घड्याळासारखी तबकडी ठेवली आणि तिच्यावर एक ठिपका गोल फिरत ठेवला, एक फेरी २.५६ सेकंदांत. काम काय, तर वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, आधीपासून प्लॅन करायचा नाही, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठे होता ते नंतर सांगायचं. निघालं असं की माणसाला 'आता हलवावं' हे जाणवतं ते हात हलण्याच्या साधारण २०० मिलिसेकंद आधी, पण मेंदूतल्या विद्युत हालचालीचा चढ त्याच्याही आधी, म्हणजे हात हलण्याच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेला असतो. झाली बातमी, की मेंदूने ठरवलं आणि साहेबांना नंतर कळवलं.

आता रीलवाल्याने काय सांगितलं नाही ते बघ. एक म्हणजे खुद्द लिबेटचं म्हणणं होतं की शेवटच्या क्षणी 'नको' म्हणण्याची ताकद माणसाकडे राहते, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या मते इच्छास्वातंत्र्य काही मेलेलं नव्हतं. दुसरं, २०१२ साली एरन शर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो चढ म्हणजे गुपचूप घेतलेला निर्णय असण्याची गरजच नाही. मेंदूत कायम काहीतरी खालीवर होत असतं, ते खालीवर होणं आपसूक एका पातळीच्या वर गेलं की हात हलतो, आणि तुम्ही नेमके हात हलल्याचे क्षण पकडून तिथून मागे मोजत गेलात तर सरासरीत चढ दिसणारच. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१९ साली एका प्रयोगात लोकांना दोन संस्थांपैकी एकीला हजार डॉलर द्यायला सांगितले, कुणाला द्यायचे ते खरोखर त्यांच्या निवडीवर होतं. काही वेळा मात्र बटण कुठलंही दाबा, दोघांना पाचशे-पाचशेच जाणार होते. बिनकामाच्या निवडीत तो प्रसिद्ध चढ दिसला, विचार करून केलेल्या निवडीत जवळजवळ दिसलाच नाही. म्हणजे चाळीस वर्षं जग ज्या आलेखावर भांडलं तो मनगट हलवण्याचा आलेख होता, करिअर निवडण्याचा नव्हता.

पण थांब, यावर खूश होऊन कॉलर ताठ करू नकोस, कारण जुना मुद्दा लिबेटवर अवलंबूनच नाहीये. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ सालीच लिहून ठेवलंय की एखाद्या बुद्धीला या क्षणी विश्वातल्या कणाकणाची जागा आणि त्यावरची सगळी बलं माहीत असली तर तिला भूत-भविष्य दोन्ही उघड दिसेल. आणि पीटर व्हॅन इनवॅगन नावाच्या तत्त्वज्ञाने हेच घट्ट बांधून मांडलं: तू जे करतोस ते भूतकाळ आणि निसर्गनियम यातून निघतं, भूतकाळ तुझ्या हातात नाही, निसर्गनियम तुझ्या हातात नाहीत, मग त्यातून जे निघतं ते तुझ्या हातात कसं? घोडं पेंड खातंय ते इथे. यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर आजही कुणाकडे नाही.

अभ्यासाचं मात्र स्वच्छ उत्तर आहे आणि ते बावीसशे वर्षं जुनं आहे. ग्रीक लोकांत 'आळशी युक्तिवाद' म्हणून एक प्रकार होता: बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय न बोलावला काय, मी बरा होणारच, नसेल तर नाहीच होणार, मग वैद्याला पैसे कशाला द्या. क्रिसिपस म्हणून एक तत्त्वज्ञ होता, सगळं ठरलेलं असतं असंच मानणारा, तो म्हणाला की बाबा रे, बरं होणं ठरलेलं असेल तर वैद्याला बोलावणंही त्याच्यासोबतच ठरलेलं आहे, एक सोडून दुसरं होत नाही. तुझी रँक ठरलेली असेल तर ती तुझ्या अभ्यासातून ठरलेली आहे, अभ्यासाला वळसा घालून नाही. तेव्हा रील बंद कर आणि बस.

प्रश्न : क्वांटम फिजिक्सने 'सगळं आधीच ठरलेलं' म्हणणारा हा नियतीवाद कधीच निकालात काढलाय. तुम्ही अजून लाप्लासमध्येच अडकलाय का? – एक वाचक, अंबरनाथ

कणाची जागा आणि गती दोन्ही एकाच वेळी नेमकी ठरत नाहीत, हे हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व १९२७चं, मान्य. ते धरलं तर लाप्लासच्या त्या सर्वज्ञ बुद्धीची पंचाईत होते, हेही मान्य. (क्वांटमचे काही अर्थ लावणारे अजूनही म्हणतात की तळाशी सगळं ठरलेलंच आहे, ते असो.) पण माझ्या डोक्यातला एखादा इलेक्ट्रॉन उगाचच इकडचा तिकडे गेला आणि त्यामुळे मी नोकरी सोडली, तर ती मी सोडली असं म्हणाल का? लॉटरीने ठरलेला निर्णय माझा नसतो, उलट ठरलेल्यापेक्षाही कमी माझा असतो. क्वांटम घेऊन येणारे लोक एक दार बंद करतात आणि दुसरं उघडल्याचं सांगतात, ते काही उघडलेलं दिसत नाही. पुढे.

प्रश्न : माझ्या सासूबाई पत्रिकेशिवाय पाऊल उचलत नाहीत, मुलगा विज्ञानवाला आहे आणि म्हणतो की सगळं कार्यकारणाने ठरलेलं आहे. मला तर दोघं एकच बोलतायत असं वाटतं, फक्त एक संस्कृतात आणि एक इंग्लिशमध्ये! – एक गृहिणी, कोल्हापूर

वाक्य झकास आहे तुमचं, पण दोघं एकच बोलत नाहीत. मुलगा म्हणतो की जे होतं ते कारणांतून होतं आणि तुमचं वागणं हे त्यातलंच एक कारण आहे. दैववादी म्हणतो की तुम्ही काहीही करा, शेवट तोच. दिसायला सारखं, पण पहिल्यात तुमच्या धडपडीला काम आहे आणि दुसऱ्यात ती नुसती शोभेला आहे. आणि गंमत म्हणजे पत्रिका बघणारा माणूसही पूर्ण दैववादी नसतोच, नाहीतर शांत करून घ्या, खडा घाला, हे कशाला सांगेल?

शिवाय पत्रिकेने काही कळतं का हा वेगळाच प्रश्न, आणि त्याची परीक्षा आपल्या पुण्यातच झालीये. जयंत नारळीकरांनी २००८ साली नरेंद्र दाभोलकर वगैरे मंडळींच्या सोबतीने ती घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळेवरून पत्रिका केल्या, ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि म्हणाले सांगा यातला हुशार कोण. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आलेल्यांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आलं असतं. सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, घर तुमचं आहे.

पण खरा, कडक, शंभर नंबरी नियतीवादी बघायचा असेल तर ग्रीसला जायला नको, तो आपल्याकडेच होता. मक्खली गोसाल, आजीवक पंथाचा, बुद्ध-महावीरांच्या काळातला. त्याचं म्हणणं की प्रयत्न, पराक्रम, पुरुषार्थ असलं काही नसतंच, सुताचं गुंडाळं फेकलं की ते संपेपर्यंत उलगडत जातं तसा जीव आपले जन्म संपेपर्यंत उलगडत जातो, शहाण्याला लवकर सुटका नाही आणि मूर्खाला उशीर नाही. हा पंथ काही चिल्लर नव्हता हं. अशोकाने गयेजवळच्या बराबर टेकडीतल्या गुहा याच लोकांना दान दिल्या, शिलालेख आहेत तिथे.

जैनांच्या उवासगदसाओ या आगमात (धर्मग्रंथात) आजीवकांच्या एका अनुयायाची गोष्ट आहे, ती मला या सगळ्या वादातली सर्वांत भारी वाटते. पोलासपूर गावचा सद्दालपुत्त, धंद्याने कुंभार, चांगला सुखवस्तू माणूस, पाचशे दुकानं होती म्हणे. एकदा तो मडकी उन्हात वाळवत असताना महावीर विचारतात, ही कशी झाली रे? तो म्हणतो, आधी माती असते, मग पाण्यात भिजवतो, राख-शेण कालवतो, चाकावर चढवतो. बरं, मग ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? आता आजीवक आहे म्हटल्यावर उत्तर ठरलेलं, प्रयत्नाशिवाय, सगळं नियत आहे. महावीर म्हणतात, ठीक, आता तुझ्या एखाद्या माणसाने ही मडकी चोरली, फोडली, किंवा तुझ्या बायकोशी, अग्निमित्रेशी गैर वागला, तर काय करशील? सद्दालपुत्त भडकून म्हणतो शिव्या घालीन, बांधीन, बडवीन, जीव घेईन त्याचा! मग महावीर शांतपणे म्हणतात की तुझ्या मते तर कुणी काही चोरत नाही, कुणी काही फोडत नाही, आणि तूही कुणाला मारत नाहीस, सगळं आपसूक होतंय. मग रागावतोस कुणावर?

सद्दालपुत्त तिथे पटून महावीरांकडे गेला असं ग्रंथ सांगतो. ग्रंथ जैनांचा आहे हे विसरू नका, आजीवकांचं स्वतःचं वाङ्मय एक ओळ उरलेलं नाही, जे माहीत आहे ते सगळं विरोधकांच्या तोंडून. एखादा पक्का आजीवक असता तर म्हणाला असता, माझा रागही नियतच आहे, त्यात काय! तर्काने त्याला पकडता येत नाही. पण गोष्टीतला डाव तर्काचा नाहीच मुळी. १९६२ साली पीटर स्ट्रॉसन नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञाने यावर अख्खं व्याख्यान दिलं की राग, कृतज्ञता, अपमान, क्षमा या गोष्टी आपण एखादा सिद्धांत पटला म्हणून करत नाही आणि सिद्धांत खोटा ठरला म्हणून सोडूही शकत नाही, माणसाशी माणूस म्हणून वागणं म्हणजेच त्या. कुंभाराच्या अंगणात हेच झालं होतं, उन्हात, मडक्यांसमोर.

प्रश्न : गीतेत अठराव्या अध्यायात कृष्ण आधी म्हणतो 'तू नको म्हणालास तरी स्वभावाने बांधलेला असल्यामुळे करशीलच', आणि लगेच म्हणतो 'तुला हवं तसं कर'. भगवंताने एकदा काय ते ठरवावं की! – एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

सर, ६०वा श्लोक आणि ६३वा, मध्ये फक्त दोन. बरोबर पकडलंत. पण ६३व्यातला अर्धा भाग सगळे गाळतात: 'विमृश्यैतदशेषेण', याचा पुरेपूर विचार कर आणि मग हवं तसं कर. आणि त्याच अध्यायाच्या १४व्या श्लोकात कुठलंही कर्म घडायला पाच कारणं सांगितलीयेत, अधिष्ठान (म्हणजे शरीर), कर्ता, करणं (इंद्रियं), वेगवेगळ्या चेष्टा (हालचाली) आणि पाचवं दैव. म्हणजे कर्ता आहे, पण पाचातला एक. मी हे असं वाचते की अर्जुनाचा विचार करणं हेच त्याच्या स्वभावाचं काम करणं आहे, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमपासून कितीतरी पाश्चात्त्य लोकही हेच म्हणत आलेत की कारणांनी ठरणं आणि मोकळेपणाने करणं यात भांडण नाही, भांडण आहे ते जबरदस्तीशी. माझं मतही साधारण त्याच बाजूला झुकतं.

टिळकांना मात्र हे पुरलं नसतं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात त्यांनी याच विषयाला अख्खं दहावं प्रकरण दिलंय, 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य'. देह, मन, बुद्धी सगळी कर्माच्या चक्रात अडकलेली, पण आत्मा मुळात स्वतंत्र, आणि तोच आतून सुटकेची ओढ लावतो अशी त्यांची मांडणी. सहा वर्षांची शिक्षा भोगणारा माणूस स्वातंत्र्याची जागा कुठे शोधतो हे बघण्यासाठी तरी ते प्रकरण वाचाच. पण मला तिथे त्यांच्यामागे जाता येत नाही, कारण निसर्गाबाहेरचा आत्मा आधीच मान्य असेल तरच ते उत्तर उत्तर ठरतं.

प्रश्न : माझे बाबा ६८ वर्षांचे. आयुष्यभर बँकेत कॅशियर, कधी दहा रुपयांचा हिशेब चुकला नाही. पार्किन्सन्स आहे. मागच्या वर्षी नवीन गोळी सुरू झाली आणि नंतर काही महिन्यांत ते मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग (शेअर बाजारातली जोखमीची सौदेबाजी) करायला लागले, दिवसभर तेच, रात्रीही चार्ट बघत बसायचे. आईची एफडी मोडली, आम्हाला कुणाला पत्ता लागू दिला नाही. भाऊ म्हणतो हे चोरी करणं आहे, त्याने बोलणं टाकलंय. आई म्हणते औषधाने झालं, त्यांचा काय दोष. मी मध्ये अडकलेय. दोष आहे की नाही? – एक मुलगी, पुणे

आधी डॉक्टरांचं बोलू. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या गोळ्या, ज्यांना डोपामिन अॅगोनिस्ट म्हणतात, त्यांनी काही पेशंटमध्ये जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं, लैंगिक बाबतीत ताबा सुटणं असले प्रकार होतात, हे माहीत असलेलं आहे. २०१०च्या एका मोठ्या अभ्यासात ३,०९० पार्किन्सन्सचे पेशंट बघितले, या गोळ्या घेणाऱ्यांत १७.१ टक्के लोकांना असा त्रास होता, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. तुमच्या बाबांची गोळी यातलीच आहे का ते मला पत्रावरून कळत नाही, ते न्यूरॉलॉजिस्ट सांगतील. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, एकदम सोडल्याचा त्रास वेगळा होतो. डोस कमी करून किंवा औषध बदलून ही ओढ बऱ्याच जणांत ओसरते. पेशंट लाजेने सांगत नाहीत, डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत, तेव्हा तुम्हीच तोंड उघडा.

आता दोषाचं. तुमचा भाऊ म्हणेल, अहो पण १०० पैकी ८३ जणांनी तीच गोळी खाल्ली आणि त्यांना नाही झालं असं काही! आकडा बरोबर आहे त्याचा. पण त्याच अभ्यासात ज्यांना झालं त्यांच्यात कमी वय, लग्न झालेलं नसणं, सिगरेट, घराण्यात जुगाराचा इतिहास या गोष्टी जास्त दिसल्या. यातलं किती माणूस स्वतः निवडतो? तुमचा भाऊ आज सज्जन आहे त्यात त्याचा वाटा आहेच, पण त्याला ती गोळी घ्यावी लागलेली नाही हाही वाटा आहे. त्याने हा दुसरा वाटा हिशेबात धरावा एवढंच माझं म्हणणं.

आणि आईचं म्हणणं कनवाळू आहे, पण ते मला जास्त धोक्याचं वाटतं. औषधाने झालं, विषय संपला, असं म्हटलं की बाबा म्हणजे एक बिघडलेलं यंत्र उरतं, त्यावर लक्ष ठेवायचं, किल्ल्या लपवायच्या, त्यांना काही विचारायचं नाही. मी जे स्ट्रॉसनचं वर सांगितलं ते इथे लागू पडतं, ज्याच्यावर आपण रागावायचंच सोडून देतो त्याला आपण हळूहळू घरातल्या माणसांतून वजा करत असतो. शिवाय बाबांनी एफडी मोडल्याचं लपवलं. ओढ गोळीची असेल, पण लपवायला आपण करतोय ते बरं नाही हे कळावं लागतं, आणि कळत होतं म्हणजे बाबा आत कुठेतरी शाबूत होते. कायदाही साधारण इथेच रेघ मारतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, जे आधी भारतीय दंड संहितेचं ८४ होतं, मनोविकारामुळे आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळू शकत नाही त्याला सोडतं. कळतंय पण आवरत नाही, एवढ्याने सुटका होत नाही. घरात कोर्टाइतकं कडक व्हायची गरज नाही, उलट आवरत नाही यालाही वजन द्यावं असं मला वाटतं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : दोष आहे, पण भाऊ म्हणतो त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तो शिक्षा करून वसूल करण्यासारखा नाही. बाबांकडून मागायचं असेल तर हे मागा की त्यांनी स्वतः, डोकं शांत असताना, ट्रेडिंग खातं बंद करायचा अर्ज भरावा, उरलेल्या एफडी आईसोबत जॉइंट करून दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाहीत असं बँकेत लिहून द्यावं, आणि आईला जे झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं. सही त्यांनी करायची, तुम्ही फक्त फॉर्म आणून द्यायचा. ते तयार झाले तर भावाशी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल, नाही झाले तरी डॉक्टरांना ते कळणं गरजेचं आहे.

आणि अपॉइंटमेंटला जाताना गोळ्यांची जुनी-नवी प्रिस्क्रिप्शन्स आणि ट्रेडिंग खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट, दोन्ही न्या. डोस कधी वाढला आणि पहिला सौदा कधी झाला, या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की निम्मं बोलणं तिथेच होऊन जाईल. भावालाही सोबत न्या.